कुंडी म्हणजे परस नव्हे

पत्र असं आहे:

«नमस्कार. आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीच्या ग्रिलमध्ये अठरा-वीस कुंड्या आहेत. तुळस, कढीपत्ता, दोन गुलाब, मोगरा, मनीप्लांट, स्पायडर प्लांट. दिवाळीपासून सासूबाई कोकणातून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्यांना काहीही वाया गेलेलं खपत नाही. तांदळाचं धुवण, उरलेला चहा, दुधाची पिशवी विसळलेलं पाणी, आंबट ताक, पूजेचं पंचामृत, सगळं कुंड्यांत जातं. ‘आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर केळी पोसल्या’ असं त्या म्हणतात आणि ते खोटं नाही, ती केळी मी खाल्ली आहेत. पण इथे गुलाबाच्या कुंडीत मुंग्या झाल्यात, चिलटं घरभर फिरतात, कढीपत्त्याची नवी पानं पिवळी निघतात आणि तुळशीनं तर मान टाकली आहे. त्यात सातवीतल्या मुलाला शाळेतून प्रकल्प मिळालाय, ‘पाण्याऐवजी इतर द्रव दिल्यास रोपांच्या वाढीवर होणारा परिणाम’. त्यानं चार पेल्यांत मेथी पेरून एकात पाणी, एकात दूध, एकात कोला आणि एकात मिठाचं पाणी सुरू केलंय. झाडाला पाण्याखेरीज नक्की काय चालतं? आणि सासूबाईंना हे सांगू कसं? — एक सूनबाई, डोंबिवली»

सूनबाई,

आधी सासूबाईंची बाजू घेते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. माझ्या आजोळीही मोरीची पन्हळ थेट केळीच्या आळ्यात सोडलेली होती. तिच्या कडेनं अळू असा माजायचा की वडीची पानं कापायला गेलं की पाय घोट्यापर्यंत चिखलात. पण त्या पाण्यात काय असायचं ते आठवून बघा. भांडी राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासलेली. राखेत पालाश (पोटॅशियम) असतं आणि केळ म्हणजे पालाशला हपापलेलं झाड. अंगाच्या साबणाची वडी घरभर महिनाभर पुरवायची, त्यामुळे साबण पाण्यात जाऊन जाऊन जाणार किती? आणि मुख्य म्हणजे त्या मातीला तळ नव्हता. जास्तीचं जे होतं ते खाली झिरपायचं, आजूबाजूला पसरायचं, गांडुळं खायची. उरलंसुरलं पावसाळ्यात तीनेक हजार मिलिमीटर पाऊस धुऊन न्यायचा.

आता तुमची आठ इंची कुंडी घ्या. तिच्यात जेमतेम तीन-चार लिटर माती. वर ग्रिलचा पत्रा, त्यामुळे पावसाचं पाणीही नीट लागत नसणार. त्यात ओतलेलं पाणी उडून जातं, पण पाण्यात विरघळलेलं काहीच उडून जात नाही. ते तिथंच साठत राहतं. उरलेला चहा रोज अर्धा कप धरू या. त्यात साखर सात-आठ ग्रॅम तरी असणारच. महिन्याकाठी त्या एका गुलाबाला पाव किलोच्या आसपास साखर गेली! एवढ्या साखरेत घरी नारळाच्या वड्या होतात. मुंग्यांना आमंत्रण वेगळं कशाला हवं?

बरं, ती साखर गुलाबाच्या उपयोगाची म्हणावी तर तसंही नाही. झाड आपली साखर स्वतःच्या पानांत, उन्हावर बनवतं. मुळांना बाहेरून दिलेली साखर त्याच्या जवळपास काहीच कामाची नसते. ती खातात मातीतले जिवाणू आणि बुरशी. फुकटची साखर मिळाली की त्यांची संख्या भराभर वाढते आणि वाढताना ते मातीतला नत्र (नायट्रोजन) आणि मुळांना लागणारा प्राणवायू दोन्ही ओढून घेतात. म्हणजे आपण खाऊ घालतोय असं वाटतं आणि झाड उपाशी राहतं. चिलटंही याच ओल्या, बुरशी आलेल्या मातीत अंडी घालतात. वरचा बोटभर थर दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा होऊ द्या आणि साखर-दूध बंद करा, दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप कमी होतील. फवारणी नको.

दुसरी गोष्ट मिठाची. ही मुलालाही दाखवा, त्याच्या प्रकल्पाला उपयोगी पडेल. काकडीची कोशिंबीर करताना मीठ आपण अगदी वाढायच्या वेळी घालतो. का? आधी घातलं तर पाणी सुटतं आणि फोडी मऊ पडतात. पुस्तकात याला परासरण म्हणतात. बाहेर क्षार किंवा साखर जास्त असेल तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मुळाची गत काकडीसारखीच. मातीतलं पाणी मुळातल्या रसापेक्षा पातळ असेल तोवर ते आत शिरतं. मातीत मीठ वाढलं की आत शिरणं अवघड होतं आणि फारच वाढलं तर मुळातलंच पाणी बाहेर यायला लागतं. कुंडी ओली चिंब आणि झाड मात्र तहानेनं कोमेजलेलं, असं दिसलं तर हे आठवायचं. (मुळं कुजली तरी तसंच दिसतं, त्याचं पुढे सांगते.) म्हणून भाजी उकडलेलं, पास्ता शिजवलेलं मीठवालं पाणी कुंडीत अजिबात नको. बिनमिठाचं असेल तर गार करून खुशाल घाला.

आता सासूबाई म्हणतील, आमच्याकडे माडाच्या आळ्यात तर मीठ टाकतात. टाकतात, आणि बरोबर करतात. माड हे समुद्राकाठचं झाड, त्याला क्लोराइड लागतं आणि मीठही सोसतं. पण माडाचा न्याय मोगऱ्याला लावता येत नाही.

त्यांचा दुसरा प्रश्नही मला इथूनच ऐकू येतोय. शेतात घालतात त्या जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवात, गूळ घालतात तो कसा चालतो? प्रश्न रास्त आहे. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या, अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी जीवामृताची जी कृती सांगितली आहे, तिच्यात २०० लिटर पाण्याला २ किलो गूळ असतो, सोबत १० किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. म्हणजे गुळाचं प्रमाण शेकडा एक. तोही झाडासाठी नसतो, पिंपातल्या जिवाणूंसाठी असतो. मिश्रण दोन दिवस आंबवतात, तोवर गूळ बराचसा खाऊन झालेला असतो. मग ते पिंप एक एकर रानात जातं. एक एकर! तुमच्या गुलाबाच्या वाट्याला त्यातला चमचाही आला नसता. आणि कोला? त्यात १०० मिलिलिटरमागे साखर दहा-अकरा ग्रॅम. जीवामृतातल्या गुळाच्या दहापट, तीही थेट मुळाशी.

घरातल्या बाकीच्या वस्तूंकडे वळू. तांदळाचं धुवण निर्धोक आहे. त्यात थोडं पिठूळ, किंचित नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश असतं. खत म्हणून त्याची किंमत फार नाही, हे मात्र कबूल करायला हवं. समाजमाध्यमांवर त्याचे जे चमत्कार दाखवतात, ते मला आजवर माझ्या गच्चीत तरी दिसलेले नाहीत. ताजं असताना, त्याच दिवशी घाला. ते त्या दिवसाचं पाणी समजायचं, वर आणखी पाणी नाही. कुंड्यांची पाळी लावा, रोज एकाच कुंडीला नको. बाटलीत भरून आंबवण्याच्या भानगडीत पडू नका. उन्हाळ्यात घट्ट बुचाची बाटली फुगते आणि उघडताना गॅलरी धुऊन काढावी लागते. डाळी, भाज्या धुतलेल्या पाण्याचंही असंच. पेज मात्र नको. ती मातीवर पापुद्र्यासारखी बसते आणि झुरळांची सोय होते.

चहा द्यायचाच असेल तर बिनदुधाचा, बिनसाखरेचा, दुपटीहून जास्त पाणी घालून, पंधरा दिवसांतून एकदा. स्पायडर प्लांटला तोही देऊ नका. चहात फ्लोराइड असतं आणि त्या झाडाला ते सोसत नाही, पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. तुमच्या झाडाची टोकं आत्ताच वाळली असतील तर चहाकडेच पहिला संशय जाऊ द्या.

दुधाची पिशवी विसळलेलं पाणी म्हणजे पेलाभर पाण्यात चमचाभर दूध. आठवड्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या कुंडीत, एवढं चालून जातं. निखळ दूध मात्र मातीत नासतं. त्यातली चरबी थर धरते आणि बुरशी माजते. दुधाचा एक उपयोग खरा आहे, पण तो मातीत नसून पानांवर आहे. ब्राझीलमध्ये बेत्तिओल नावाच्या संशोधकानं १९९९ साली दाखवलं की काचघरातल्या झुकिनीवर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण आठवड्याला फवारलं तर भुरी रोग चांगला आटोक्यात येतो. गुलाबाच्या पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर सकाळच्या उन्हात करून बघा.

पनीर केलं की उरणारं पाणी कणकेत घाला, पोळ्या मऊ होतात. झाडाला नको. आणि नारळपाणी! हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कुणीतरी म्हणतंच: ‘नारळपाण्यानं झाडं वाढतात, प्रयोगशाळेत वापरतात.’ वापरतात हे खरं आहे. १९४१ साली धोतऱ्याचे कोवळे गर्भ काचेच्या नळीत वाढवताना त्याचा उपयोग झाला आणि तेव्हापासून ऊतिसंवर्धनात (टिश्यू कल्चरमध्ये) ते वापरलं जातं. पण तिथं सगळं निर्जंतुक असतं. तुमच्या कुंडीत त्यातली वाढीची द्रव्यं कामाला लागायच्या आत साखर जिवाणूंनी फस्त केलेली असते. प्या तुम्हीच.

वॉशिंग मशीनच्या पाण्याला हात लावू नका. कपड्यांच्या पावडरीचं पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं आणि सोडियमनं भरलेलं. सोडियमनं मातीचे कण सुटे होऊन चिकटतात, माती विटेसारखी घट्ट होते आणि पाणी वरच तुंबतं. एसीचं पाणी चालतं. ते हवेतल्याच वाफेचं झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. सर्व्हिसिंगच्या वेळी रसायन मारलं असेल तर त्या दिवसाचं तेवढं फेकून द्या. माशांच्या टाकीचं पाणी तर उत्तमच, फक्त टाकीत मीठ किंवा औषध घातलेलं नसावं. मासळी धुतलेलं पाणीही कोकणात कढीपत्त्याला घालतात, त्यात नत्र असतो. तुमच्या गॅलरीत मात्र मांजरं येतील आणि शेजारी भांडायला येतील.

आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरोघरी तो प्रश्न असतो म्हणून सांगते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते त्या पाण्यात बुडवा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मोजमापानुसार लिटरला ४५० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेलं पाणी सिंचनाला बिनधास्त चालतं, ४५० ते २००० पर्यंत जपून, त्यापुढे नको. पालिकेच्या धरणाच्या पाण्यावर आरओ असेल तर टाकाऊ पाणीही बहुधा चालण्यासारखं निघतं. बोअरवेलवर असेल तर त्यानं लादी पुसा.

कढीपत्ता आणि ताक. या जोडीत तथ्य आहे. ताक आंबट असतं, सामू (पीएच) साडेचारच्या आसपास. आपल्याकडचं पाणी जड असेल, माती चुनखडीची असेल तर लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. थोड्या आंबटपणानं ते सुटं होतं आणि नवी पानं हिरवी निघतात. पण ते वाटीभर ताक बादलीभर पाण्यात, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. तुमच्याकडे ते वरचेवर पडतंय, त्यात मीठही असणार (उरलेलं ताक बिनमिठाचं मी तरी पाहिलेलं नाही), आणि तरीही नवी पानं पिवळी येत आहेत. पिवळ्या पानात शिरा हिरव्या राहिल्यात का ते बघा. तसं असेल तर लोह कमी पडतंय. आधी कुंडीचं भोक उघडं आहे ना ते काडीनं तपासा, कारण तुंबलेल्या मातीतही मुळं लोह घेत नाहीत. मग नर्सरीतून हिराकस (फेरस सल्फेट) आणून लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम विरघळवून मातीत द्या. गॅलरीच्या लादीवर सांडू नका, तांबूस डाग जात नाहीत.

पंचामृताचा विषय नाजूक आहे. ते पायदळी जाऊ नये म्हणून तुळशीत घालतात, त्यामागची भावना मला पटते. पण दूध, दही, तूप, मध, साखर एकत्र म्हणजे कुंडीला सगळ्यात जड पडणारा पदार्थ, आणि तुळस तर पाणी साचलेलंही सोसत नाही. यावर पूजेच्या क्रमातच तोड आहे. पंचामृत स्नानानंतर शुद्धोदक, म्हणजे साध्या स्वच्छ पाण्याचं, स्नान असतं. पंचामृत वेगळ्या वाटीत काढायचं आणि तीर्थ म्हणून सगळ्यांनी घ्यायचं, ते त्यासाठीच असतं. नंतरच्या शुद्धोदकाचं ताम्हन तुळशीत. पंचामृत फारच उरलं तर पाणी घालून सोसायटीच्या आंब्याच्या किंवा नारळाच्या बुंध्याशी. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, विचारा: ‘शुद्धोदकच तुळशीला घालायचं असतं ना हो?’ पुढचं त्या सांगतील.

बाकीच्यासाठी त्यांना कचऱ्याचं खत करायचं एक पिंप द्या. झाकणाचं, भोकं पाडलेलं प्लॅस्टिकचं पिंप, तळाला नारळाच्या शेंड्या, वर सुका पाला. चहाचा धुतलेला चोथा, भाजीची देठं, केळीची सालं, उरलेला घोटभर चहासुद्धा तिथं जाऊ दे. जिवाणूंना साखर खायचीच असेल तर त्यांनी ती तिथं खावी. केळीच्या सालींचं पाणी, अंड्याच्या टरफलांचं पाणी असले काढे करत बसू नका. टरफलातला चुना साध्या पाण्यात जवळपास उतरतच नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच पिंपातून काळंभोर खत निघालं की वाया काही गेलं नाही याचं समाधान सासूबाईंना कुंडीतल्या चहापेक्षा जास्त मिळेल. पिंपाची मालकी त्यांचीच ठेवा. तुम्ही ढवळायला जाऊ नका.

मुलाच्या प्रयोगाचं. द्रवाला एकच पेला पुरत नाही. एखादं बी मुळातच किडकं निघालं तर सगळा निष्कर्ष चुकेल. प्रत्येक द्रवाचे तीन पेले, प्रत्येकी दहा बिया, तळाला भोक, उजेड सारखा आणि द्रव मोजून सारखा. त्याला हेही सांगा की रुजण्यापुरतं अन्न बी स्वतःबरोबर घेऊन आलेलं असतं, म्हणून पहिले चार दिवस आणि पुढचे दोन आठवडे यांची नोंद वेगळी ठेवायची. मिठाचं एकच पाणी न करता लिटरला १, २ आणि ५ ग्रॅम अशी तीन करा, म्हणजे वाढ कुठे मंदावते आणि कुठे थांबते ते दिसेल (समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास असतं). कोलाचा सामू अडीचच्या जवळ असतो आणि साखर वर सांगितली तेवढी, तेव्हा त्या पेल्यांत फारसं काही उगवेल असं वाटत नाही. दुधाच्या पेल्यांना तिसऱ्या दिवशी वास सुटेल. ते गॅलरीच्या टोकाला ठेवा. आणि तीन पेले तांदळाच्या धुवणाचे आजीच्या नावानं वाढवा, आजीही रोज उंची मोजायला येईल.

प्रस्तावनेत लिहायला त्याला एक गोष्ट द्या. हाच प्रयोग लंडनमध्ये जॉन वुडवर्डनं केला आणि १६९९ साली छापला. त्या काळी झाड फक्त पाण्यापासूनच बनतं असं पुष्कळांना वाटायचं. वुडवर्डनं पुदिन्याची रोपं पावसाच्या पाण्यात, थेम्स नदीच्या पाण्यात, बागेतली माती कालवलेल्या पाण्यात अशी वेगवेगळी ठेवली. आधी वजन केलं, नंतर पुन्हा केलं. पावसाच्या पाण्यातलं रोप कमी वाढलं, नदीच्या पाण्यातलं त्याहून जास्त, आणि माती कालवलेल्या पाण्यातली रोपं आणखी जोमानं वाढली. तेव्हा झाडाला पाण्यातून मातीतलंही काही हवं असतं, असं त्यानं मांडलं. त्यानं फक्त उंची न बघता वजन केलं, हे मुलाला आवर्जून सांगा. मेथी शेवटी उपटून, मुळं धुऊन, टिपून वजन करता येते. घरात सोनाराचा काटा नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल चालेल, सगळी रोपं एकत्र ठेवून.

राहिली तुळस, आणि तिचं आजच करा. कुंडी आडवी करून मातीचा गड्डा हलकेच बाहेर काढा. मुळं पांढरट, कडक असतील तर जीव आहे. वरचा दोन बोटं थर खरवडून टाका, कुंडी बाथरूममध्ये नेऊन तिच्यात मावते त्याच्या दोन-तीनपट साधं पाणी हळूहळू ओता, सगळं खालून निथळू द्या, आणि माती वरून सुकेपर्यंत पुन्हा पाणी नको. गुलाबालाही हेच करा. मुळं तपकिरी, लिबलिबीत, आंबूस वासाची निघाली तर कुंडी वाचवण्याच्या नादी लागू नका. जी फांदी अजून हिरवी आहे तिचे चार-पाच इंचांचे दोन-तीन तुकडे कापा, मंजिऱ्या आणि खालची पानं काढा आणि काचेच्या पेल्यात साध्या पाण्यात उभे करा. दर दोन दिवसांनी पाणी बदललंत तर दहा-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. तो पेला देवघराजवळ ठेवा, मेथीच्या पेल्यांच्या ओळीत नको, नाहीतर मुलगा त्यातही कोला ओतेल.